मांजराला मारायचं नाही

अत्याबाई, मांजराच्या अंगावर हात टाकायचा नाही, हा तुमच्या स्वयंपाकघरातला पहिला नियम होता. लग्न होऊन मी मंद्रूपहून सोलापुरात तुमच्या घरी आले आणि सत्यनारायणाची भांडी घासून व्हायच्या आत तुम्ही तो मला सांगितलात. तुमच्या मुलाला भाकरी किती कडक लागते, चटणीचे शेंगदाणे कुठवर भाजायचे, हे सगळं नंतर. आधी मांजर. मला हसू आलं होतं. आमच्या गावी मांजर कुणी पाळायचं नाही, ते आपलं आपण घरात असायचं, आणि दुधाकडं गेलं की हाताला येईल ते त्याच्या अंगावर भिरकावलं जायचं. तुमच्या घरात मात्र मांजरासाठी नियम होता. सुनेसाठी तसा काही नियम नाही, हे मला पुढं कळलं.

परवा मुलीचा फोन आला होता. तिच्या घरी मांजराचं पिल्लू आणलंय आणि ते सारखं ओट्यावर चढतं. ती म्हणाली, "आई, आजीनं मांजराला ओट्यावर न चढायला शिकवलं होतं ना? कसं गं?" मी तिला सगळं सांगितलं, जसं तुम्ही मला दाखवलं होतं तसं. फोन ठेवला आणि चहाचं आधण ठेवायला म्हणून उठले, तर आधण ठेवायचंच राहिलं. मांजराची गोष्ट सांगून झाली होती, पण तिच्या मागून जे सगळं वर आलं ते परत खाली जाईना. तुम्ही जाऊन चाळीसपेक्षा जास्त वर्षं झाली. तुम्ही होता त्या वयाच्या पुढं मी गेले आहे, माझेही गुडघे आता भिंत धरल्याशिवाय उठू देत नाहीत. म्हणून वाटलं, आता तुमच्याशी बरोबरीनं बोलता येईल.

ते घर माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोन खोल्या. पुढच्या खोलीत मामंजींचा फोटो, त्याच्या खाली तुमच्या मुलाची सायकल. मागं स्वयंपाकघर, आणि त्याच्या भिंतीला लागून तेलुगू शेजारणीच्या घरातले माग, दिवसभर खटक खटक. सुताला लावलेल्या खळीसाठी त्यांच्याकडं उंदीर यायचे आणि तिथून आमच्या धान्यात. दुष्काळ नुकताच सरला होता, रेशनची लाल ज्वारी सुद्धा माणसं दाण्यादाण्यानं जपत होती. म्हणून मांजर हवंच होतं. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची मांजरी. तुमचं माहेर अक्कलकोटकडचं, तुम्ही तिला कानडीत 'बेक्कु' म्हणायचात, म्हणजे नुसतं मांजर. तिच्याशी तुम्ही कानडीतच बोलायचात. तुमच्या मुलाशी आणि माझ्याशी मराठीत.

स्वयंपाक तेव्हा जमिनीवरच होता. तुम्ही पाटावर बसलेल्या, समोर रॉकेलचा स्टोव्ह, डाव्या हाताला पिठाची परात, उजव्या हाताला मांजरी. ती कशाला तोंड लावायची नाही. तुमच्या हातून तुकडा मिळेल याची तिला खात्री असायची, आणि मिळायचाही. मग तुमच्या मुलानं ओटा बांधायचं काढलं. मिलच्या टाइम ऑफिसात तो कारकून, कुठल्याशा साहेबाच्या घरी त्यानं उभ्यानं स्वयंपाक करणारी बाई पाहिली आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात ओटाच. गवंडी आला, वर शहाबादी फरशी बसली, आणि शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. तो प्रत्येकीला सांगायचा, "आता आमच्या घरात कुणी वाकून सैपाक करणार न्हाई." मला खरंच आनंद झाला होता. तुम्ही मात्र त्या दिवशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाट टाकून बसलात. तुम्हाला फार वेळ उभं राहवत नव्हतं. एका दिवसात चूल तुमच्या हातून माझ्या हातात आली, आणि ती देताना तुमच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी तेव्हा बघितलं नसतं.

मांजरी त्याच आठवड्यात ओट्यावर चढली. आधी दुधावरची साय गेली. मग पिठाच्या डब्यावर पावलं उमटली. एका रविवारी तुमच्या मुलानं ऑफिसातले दोन सोबती जेवायला बोलावले, आणि ओटा दिसावा म्हणून पानं मुद्दाम स्वयंपाकघरातच मांडली. मी मटण वाढायला वळले, तेवढ्यात खिडकीतून मांजरी आली, ओट्यावर उतरली आणि ताटलीतल्या तुकड्यांवर तोंड टाकून मोकळी झाली. एक सोबती हसत म्हणाला, "ओटा हिच्यासाठी बांधला होय?" बाकी कुणी हसलं नाही. तुमच्या मुलानं पाण्याचा तांब्या उचलून फेकला. तो भिंतीला लागला. त्यानं दुसरं काही उचलायच्या आत तुम्ही बसल्या जागेवरून त्याचं मनगट धरलंत.

"जनावरावर हात न्हाय उचलायचा ह्या घरात. तुज्या बापाला बी सांगितलं व्हतं म्या."

"मग ते पाहुण्यांच्या ताटात तोंड घालतंय ते चालतंय तुला?"

"चढणार न्हाय पुन्यांदा. म्या शिकवते."

"दिवाळीच्या आत शिकलं तर शिकलं. न्हाईतर पोत्यात घालतो आणि सीना नदीपलीकडं सोडून येतो."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी मांजरीला बोल लावायला लागले, कारण माझं मटण वाया गेलं होतं. तुम्ही मला थांबवलंत. "तिचं काय चुकलं गं? आजवर सैपाक खाली व्हता, ती बी खाली व्हती. ती वर चढली न्हाय, सैपाक वर गेला." हे बोलताना तुम्ही फक्त मांजरीबद्दल बोलत नव्हता, असं मला आता वाटतं. तेव्हा नुसतं नवल वाटलं होतं, की सासू मांजराची बाजू घेते.

मग शिकवणं सुरू झालं. तुम्ही डालड्याचा मोठा चौकोनी डबा मागितलात, तो उपडा करून ओटा आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात ठेवायला लावलात आणि त्यावर घोंगडीचा तुकडा घातलात. मी विचारलं, तिला तिथं बसून काय मिळणार? तुम्ही म्हणालात, "तिला खायाचंच आसतंय आसं न्हाय. आपून वर काय करतोय ते तिला बघायचं आसतंय. बघाया जागा दिली की निम्मं काम झालं." सकाळची पहिली भाकरी झाली की तिचा कोर ताकात कुस्करून त्या डब्यावर ठेवायचा, माणसांच्या आधी. दूध शिंक्यात. ओट्यावर झाकल्याशिवाय काही ठेवायचं नाही, आणि काम झालं की ओल्या फडक्यानं फरशी पुसून घ्यायची, वास राहता कामा नये. आम्ही दोघी बाहेर जाणार असलो तर ओट्याच्या कडेला परातीत बोटभर पाणी. तिला पाय ओले झालेले आवडत नाहीत. नळाला पाणी दिवसाआड यायचं, म्हणून परातीतलं ते पाणी संध्याकाळी तुळशीला. आणि तरीही ती चढलीच, तर ओरडायचं नाही. "इळी" म्हणायचं, म्हणजे उतर. दोन्ही हातांनी उचलायचं, डब्यावर ठेवायचं, आणि तिथंच काहीतरी द्यायचं. दर वेळी. एकदाही चुकवायचं नाही.

मला कंटाळा यायचा. एकदा मी म्हणाले, "अत्याबाई, एक चापट मारली तर लौकर शिकंल की."

"मारलं तर तिला ओट्याचं भ्या बसत न्हाय, मारणाऱ्याचं बसतंय. त्यो घरात आसला की खाली, भाईर गेला की वर. त्येला शिकणं म्हनत न्हाईत."

तुमचे शब्द जसेच्या तसे आहेत माझ्यापाशी. म्हणून तर पुढचं मला कळत नाही.

श्रावण सरत आला होता. सकाळची गडबड, मिलचा भोंगा होऊन गेलेला, त्याचा डबा भरायचा राहिलेला. स्टोव्ह विझला म्हणून मी पंप मारायला वाकले आणि मांजरी ओट्यावर आली. तो दारात उभा होता. त्यानं मांजरीकडं बघितलं, मग तुमच्याकडं बघितलं, आणि माझ्या कानाखाली मारली. लग्नानंतरची ती पहिली. माझ्या डोळ्यांसमोर पिवळं पिवळं झालं, आणि त्या पिवळ्यात मला ऐकू येत होतं ते तुमचं सूप. तुम्ही ज्वारी पाखडत होता. अत्याबाई, सूप थांबलं नाही. तो सायकल घेऊन गेला, मांजरी आपली आपण उतरून डब्यावर जाऊन बसली, तुम्ही सुपातले खडे वेचून बाजूला टाकलेत आणि म्हणालात, "पाणी पी जरा. तवा तापलाय, भाकरी टाक."

मी भाकरी टाकली. त्या दुपारी तुम्ही नेहमीसारखं मांजरीला "इळी, इळी" म्हणत होता, तुकडा देत होता, तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. इतका मऊ आवाज माणसाच्या गळ्यात असतो, तर तो सकाळी कुठं गेला होता, एवढंच माझ्या मनात येत होतं.

नंतर तो मारतच राहिला. रोज नाही. रोज मारणाऱ्याचं निदान माहीत तरी असतं. ह्याचं मीठ कमी पडल्यावरून असायचं, कधी ऑफिसात साहेब बोलला म्हणून, कधी कशावरून ते कळायचंच नाही. आणि मी कशी झाले ते तुम्ही बघत होता. तो घरात नसला की शेजारणीच्या उंबऱ्यावर बसून, ती विड्या वळताना तिच्याशी हसायचे, डोक्यावरचा पदर विसरायचे. गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी ऐकली की पदर डोक्यावर, नजर खाली, आवाज बंद. एकदा तशी मी घाईघाईनं आत आले, तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघून पटकन मान वळवलीत. तुम्हाला काय आठवलं ते मला समजलं, कारण मलाही तेच आठवलं होतं.

एका दुपारी तुमच्या केसांना तेल लावत होते. डाव्या कानानं तुम्हाला ऐकू येत नसे, म्हणून मी नेहमी उजवीकडून बोलायचे. त्या दिवशी धीर करून विचारलं, हा कान असा कशानं झाला.

"जन्मापासनं न्हाय त्यो आसा."

"मग?"

"तुज्या मामंजींचा हात लई जड व्हता."

मी तेल चोळत राहिले. मग विचारलं, "आणि तुमच्या सासूबाई?"

"त्या उठून देवापाशी जाऊन बसायच्या."

आणखी काही बोलाल म्हणून मी वाट बघितली. तुम्ही "साकु" म्हणालात, म्हणजे पुरे. ते तेलाबद्दल होतं की बोलण्याबद्दल, मला कळलं नाही. मी वेणी घातली आणि उठले.

दिवाळीपर्यंत मांजरी शिकली. तुमच्या मुलानं तिची परीक्षा घेतली. ओट्यावर खव्याचा गोळा उघडा ठेवला आणि स्वतः पुढच्या खोलीतून फटीनं बघत राहिला. मांजरी डब्यावर बसून राहिली, नाक हलवत, शेपटी पायांभोवती घेऊन. ती उतरलीही नाही, चढलीही नाही. तो इतका खूश झाला की तिला उचलून घेतलं, पुढं आठवडाभर गल्लीत सांगत होता, "आमच्या घरातलं मांजर बघा, माणसाला लाजवंल." तुम्ही फराळाचं ताट त्याच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "मारलं न्हाय म्हणून शिकली." तो हसला. त्याला तो टोमणा आहे हे कळलंच नाही. मला कळला. आणि अत्याबाई, मला त्याचा रागच आला. असं आडून बोललेलं माझ्या काय उपयोगाचं होतं?

संक्रांतीच्या सुमारास मला दिवस गेलेले होते. शेजारणीकडं हळदीकुंकवाला मी न विचारता जाऊन आले होते, एवढंच निमित्त. तो त्या दिवशी डबा न नेता दुपारी घरीच जेवायला आला, मी तीळ लावून बाजरीच्या भाकरी करत होते. त्यानं मला ढकललं. मी ओट्यावर आपटले आणि माझा तळहात तव्यावर पडला. मी ओरडले, त्या आवाजानं मांजरी घाबरून डब्यावरून थेट ओट्यावर उडाली, दुधाचं पातेलं लवंडलं. त्यानं चिमटा उचलला. आणि तुम्ही उठलात. भिंत न धरता उठलात. तुम्हाला तसं उठताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"हात खाली घे. मांजराला लागंल."

माझा तळहात भाजत होता, पण माझं लक्ष तिकडं नव्हतं. माझ्या तोंडून हळू आवाजात निघून गेलं, "मांजरासाठी उठलात व्हय, अत्याबाई?"

घरात आल्यापासून मी तुम्हाला उलट बोलले ते एवढं एकच वाक्य. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. रागावल्यासारखा नव्हता तो. कुणी अचानक दिवा लावला की डोळ्यांचं जसं होतं, तसं काहीतरी. तो चिमटा टाकून बाहेर गेला. तुम्ही माझा हात धरलात, पाण्याच्या घागरीत बुडवलात, आणि पाणी दिवसाआड येतं हे माहीत असताना ती सगळी घागर माझ्या एका हातासाठी वापरलीत. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेला आणि तुम्ही माझी पेटी काढलीत. "चल," म्हणालात, "तुज्या बापाकडं." मंद्रूपच्या एस.टी.त तुम्ही माझ्या शेजारी ताठ बसून होता, माझा भाजलेला हात तुमच्या मांडीवर. आमच्या दारात चार माणसं बसलेली होती. माझे वडील लगबगीनं उठले, पाणी आणा, सतरंजी टाका म्हणाले. तुम्ही बसला नाहीत. पाणीही घेतलं नाहीत. त्या चार माणसांच्या देखत म्हणालात, "माजा ल्योक हिला मारतो. म्या सासू हाय हिची, म्या सांगतेय. पोर तुमच्या हवाली केली."

वडिलांनी मान खाली घातली. म्हणाले, "बाई, बसा तर आधी. हे घरोघरी असतंय. पोरीनं बी जरा सांभाळून घ्यावं."

"मांजर बी मार खाऊन शिकत न्हाय, पावणं. ही काय शिकंल?" एवढं बोलून तुम्ही वळलात आणि त्या गुडघ्यांनी स्टँडपर्यंत चालत गेलात. मी दारातून बघत होते. आमच्या गल्लीत अशी सासू कुणी पाहिली नव्हती, आणि पुढंही कुणी पाहिली नसेल.

पण वडिलांना पोरगी घरात ठेवण्याची लाज तुमच्या बोलण्यापेक्षा मोठी होती. थोड्याच दिवसांत हरभऱ्याचे डहाळे बांधून ते मला परत घेऊन आले आणि तुमच्या मुलाला म्हणाले, "आमच्या पोरीचं काही चुकलं असलं तर पोटात घाला." मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. वडील गेल्यावर तुम्ही तुमच्या मुलाला समोर उभं केलंत, माझ्या देखत.

"आता नीट ऐक. पुन्यांदा हिच्या अंगाला हात लावलास तर मी मिलच्या फाटकाम्होरं जाऊन बसीन. पाळी सुटायच्या येळंला. तुजा सायेब, तुजे सोबती, समद्यास्नी ह्यो कान दावीन. सांगीन, ह्यो बापानं केला, आता ल्योक सुनंचा करतोय."

तो पांढराफटक पडला. चारचौघांत नाचक्की होण्याची त्याला किती भीती होती, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यानं पुन्हा हात उचलला नाही. तुम्ही होता तोवर एकदाही नाही. मुलगी झाली, तिला तुम्ही न्हाऊ घातलंत, मांजरी म्हातारी झाली आणि दिवसभर डब्यावर झोपायला लागली. लोक म्हणायचे, तो लग्नानंतर कसा छान बदलला बघा. मी मात्र त्याच्यावर लक्ष ठेवून असायचे. तुम्ही अक्कलकोटला भावाकडं गेलात की त्याचा आवाज चढायचा, ताट ठेवताना आपटायचा, माझ्याकडं बघत बघत बोटं मोडायचा. तुम्ही परत आलात की पुन्हा सरळ. तुम्हाला ते दिसत होतं का? मला वाटतं, दिसत होतं. शेवटच्या आजारात, तापात, तुम्ही दोनदा माझा हात धरून म्हणालात, "म्या गेल्यावर हितं ऱ्हाऊ नगं." मी म्हणाले, असं बोलू नका. सगळ्याच सुना तसं म्हणतात.

तुमचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत त्यानं मारलं. मुलगी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. ती रडली नाही, ओरडली नाही, फक्त सरपटत ओट्याखाली गेली आणि पिठाच्या डब्यामागं बसून राहिली, अगदी न हलता. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी तिला बाहेर काढलं आणि दुसऱ्या सकाळी तिला काखोटीला मारून शेजारणीच्या दारात उभी राहिले. ती विड्या वळत होती. तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, "ये की. मागची खोली हाय. मागाचा आवाज लई होतंय फक्त, तुला झोप येणार नाही." मला त्या आवाजात जितकी झोप लागली तितकी त्याआधी कधी लागली नव्हती. तिच्याकडून विड्या वळायला शिकले, पुढं बालवाडीत काम मिळालं, मुलगी शिकली. वडील दोनदा समजूत घालायला आले. मी परत गेले नाही. एका भिंतीच्या अलीकडं मी आणि पलीकडं तो, अशी वर्षं गेली.

एकदाच त्या घरात गेले, थंडी पडली तेव्हा, मुलीची गोधडी आणायला. तो ओट्यापाशी उभा राहून भाकरी थापत होता. भाकरी कुठं जाड, कुठं फाटलेली. मांजरी ओट्यावर त्याच्या ताटाशेजारी बसली होती. मी तिच्याकडं बघतेय हे बघून तो म्हणाला, "चढत न्हाई ती आपणहून. मीच उचलून बसवतो. तेवढंच समोर कुणीतरी असतंय." मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाला, "येतेस का?" मी नाही म्हणाले. गोधडी घेऊन बाहेर आले आणि शेजारणीच्या दारात न शिरता भिंतीला धरून उभी राहिले. ती भीती होती की दया, मला आजही सांगता येणार नाही. तो पुढं काही वर्षांनी गेला. अंत्यविधीला मी गेले होते. झालं ते चुकलं, असं तो कधी बोलला नाही.

अत्याबाई, तुम्हाला माहीत नसतं तर मी समजू शकले असते. आपल्या त्या गल्लीत पुष्कळ बायकांना माहीत नव्हतं. पण तुम्हाला सगळं माहीत होतं, मारून काय होतं आणि न मारता काय होतं. जनावराला समजावायला तुमच्याकडं किती धीर होता. आणि श्रावणापासून संक्रांतीपर्यंत तुम्ही खाली बसून राहिलात. ते मी विसरू शकत नाही. मंद्रूपच्या दारात तुम्ही पाणी न घेता उभ्या राहिलात, तेही विसरू शकत नाही. दोन्हींची बेरीज करून बघितली, वजाबाकी करून बघितली, इतक्या वर्षांत हाती काहीच लागलं नाही. कदाचित तुम्हाला त्या कानातून आत पोचायलाच तेवढे महिने लागले असतील. हे मी तुमच्यासाठी शोधलेलं कारण आहे. तुमच्या तोंडून ते ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण तुम्ही असताना मी विचारलं नाही. उत्तर ऐकून मला तुमचा तिरस्कार वाटला असता तर घरात माझं दुसरं कोण होतं?

परवा फोन ठेवताना मुलगी म्हणाली, "आजी कसली खमकी होती ना गं!" मी म्हणाले, "होतीच." ती मोठी होत असताना घर का सोडलं, ते तिला सांगावं लागलं, आणि सांगताना मी एकच गोष्ट बदलली. तिच्या बापानं पहिल्यांदा हात उचलला त्याच सकाळी तुम्ही मधे पडलात, असं मी तिला सांगितलंय. तिनं ते तिच्या मुलीलाही सांगितलंय. तुमचा त्यांना अभिमान वाटतो. म्हणून हा कागद घरात ठेवता येणार नाही, लिहून झाला की फाडून टाकीन. त्यांच्यापुरत्या तुम्ही त्या सकाळी उठला होता, अत्याबाई. ते तसंच राहू द्या.